पापडांबरोबर वाळवलेली सुई

रोहा, ३ फेब्रुवारी १९९७

ति. दादास शकूचा शि. सा. न. वि. वि.

आईच्या वर्षश्राद्धाला तिची हळदीच्या गाण्यांची रेकॉर्ड लावणार, हे वाचून डोळे भरून आले. पुढे 'नवीकोरी कार्ट्रिज आहे ना माझ्याकडे' हे वाचलं आणि लगेच कोरडे पडले. म्हणजे १९७४ साली मोठ्या थाटात आणलेली आणि आजवर डबीतून काढून मशीनला न लावलेली, ती रेकॉर्डची सुईच ना? इथला रेडिओवाला काळुराम म्हणतो, न वापरताही ती मरते. आतलं रबर कडक होतं, दमट हवेनं सुईमागचा आवाज उचलणारा खडा विरतो. आईची रेकॉर्ड एकच आहे, दादा. आधी दुसरी लावून बघ, नायतर तुझी सुई आईचा आवाज खरवडून काढील.

लोभ आहेच. तो तरी डबीत बंद करून ठेवू नकोस.

तुझी शकू

पेण, ९ फेब्रुवारी

चि. शकूस अनेक आशीर्वाद.

काळुराम डॉक्टर झाल्याचं कळवलं नव्हतंस! न वापरलेली वस्तू खराब होते म्हणे. मग तुझं डोकं अजून कसं टिकलं गो? आणि दमट हवेचं मला शिकवू नकोस. दर वैशाखात तुझी वहिनी अंगणात पापड वाळत घालते, तेव्हा ती डबी उघडून मी शेजारी उन्हात ठेवतो. बावीस उन्हाळे झाले, बुरशीचा ठिपका नाय. तरी तुझ्या समाधानाला आधी बँडवाल्यांची रेकॉर्ड लावीन.

भाचरांना पापा.

तुझा दादा

रोहा, १४ फेब्रुवारी

ति. दादास शि. सा. न.

उन्हात? पापडांबरोबर? काळुराम कपाळाला हात लावून बसलाय. ओलाव्यातून वाचली असेल ती उन्हानं मेली, म्हणतो. आता तळूनच बघ.

वहिनीला नमस्कार.

शकू

पेण, २० फेब्रुवारी

चि. शकूस आशीर्वाद.

तू जिंकलीस. बँडच्या रेकॉर्डवर पांढरा चरा उठला, आवाज मात्र काडीचा आला नाय. आईची वाचली, तेवढं तुझं ऐकलं म्हणून.

आता हसू नकोस. आई दर सणाला म्हणायची, दिना, एकदा लाव की माझं गाणं. जुनी सुई तुटलेली, आणि नवी झिजेल म्हणून मी टाळायचो. खास दिवसासाठी राहू दे म्हणायचो. शेवटच्या आजारातही तिनं मागितलं, तेव्हाही हेच म्हणालो. बावीस वर्षं तिनं स्वतःचं गाणं ऐकलं नाय गो, माझ्यामुळे. माझा खास दिवस आला तो तिच्या श्राद्धाचा.

काळुरामची चालती मशीन घेऊन बुधवारी ये. वडखळच्या नाक्यावर मी उभा असेन. रेकॉर्ड रोज लावू. झिजली तर झिजू दे.

लोभ असू दे.

तुझा दिनादादा