इंजिनाची टक आणि साहेबांची पाटी

तीर्थरूप मामांना तुमच्या एकुलत्या एका भाचीचा वाकून नमस्कार. (कोपऱ्यातला डाग डिझेलचा आहे, डोळ्यांतल्या पाण्याचा नाही. आई फोनवर काही वेगळं सांगेल, ऐकू नका.) मामीचा गुडघा काय म्हणतो? तुमचा डावा कान अजून उजव्यापेक्षा शाबूत आहे ना? इथे सगळे ठणठणीत आहोत, म्हणजे आई, मी आणि इंजिन. बिघडलंय ते माझ्या आणि साहेबांच्या मधलं, आणि ते मी दुरुस्त करणार नाहीये.

झालं ते पहिल्यापासून लिहिते, नाहीतर तुमच्यापर्यंत तिखटमीठ लावून पोचेल. मंगळवारी भर दुपारी आमच्या उबवणी केंद्राची वीज गेली. पेट्यांत नऊ हजार अंडी, वीस दिवस भरलेली, उद्या-परवा पिल्लं बाहेर पडायची. पंखे थांबले की आतली हवा कोंडते आणि तासाभरात पिल्लं कवचातच गुदमरतात. अशा वेळी जनरेटर चालू करणं हे माझं काम. किल्ली फिरवली. इंजिन (मागच्याच आठवड्यात तपासणी होती म्हणून मी ते हिरवंगार रंगवलंय, बघत राहावं असं दिसतं) गरगर फिरलं, पण पेटेना. धूरसुद्धा नाही. तुम्ही म्हणाल, धूर नाही म्हणजे डिझेलच पोचत नाही. मीही तेच म्हटलं, पण माझं ऐकतो कोण? साहेब (आमचे व्यवस्थापक, माणूस वाईट नाही, फक्त गप्प बसत नाही) आले ते समोरच्या गॅरेजातल्या मिस्त्रीला घेऊनच. मिस्त्रीने विचारलं, ऑपरेटर कुठाय. मी म्हटलं, तुम्ही तिच्या पायावर उभे आहात.

मिस्त्रीने हात न लावता निदान केलं: पंप गेला, उतरवावा लागेल, दोन दिवस. आजार रेड्याला, औषध पखालीला. साहेबांनी लगेच पंपावरून नव्या जनरेटरवर उडी मारली, तिथून पाच वर्षांपूर्वी आपण सगळ्यांना कसं बजावलं होतं त्यावर आले, आणि हे सगळं मोठमोठ्याने. मला, मामा, फक्त एक गोष्ट ऐकायची होती. तुमचीच शिकवण: किल्ली चालू केली की पंपावरचं सोलेनॉइड टक करतं, आतला दट्ट्या मागे ओढला जातो आणि डिझेलला वाट मिळते. टक नाही तर डिझेल नाही, मग पंप उतरवा नाहीतर छप्पर उतरवा. ती टक एवढीशी, आणि खोलीत साहेबांचं भाषण. दोनदा विनंती केली. तिसऱ्यांदा म्हटलं, "साहेब, तोंड बंद ठेवा. इंजिन काही बोलतंय का ते ऐकायचंय."

सगळे चिडीचूप. किल्ली चालू केली, कान लावला. टक नाही. मग टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हला लावला आणि टोक सोलेनॉइडच्या लाल वायरीला टेकवलं. दिवा लख्ख, म्हणजे वीज येतेय. तरी खात्रीसाठी बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून थेट दुसरी वायर आणून जोडली. ढिम्म. दारापर्यंत वीज येते आणि घरवाला उठत नाही, म्हणजे घरवालाच गेला. सोलेनॉइड खोललं, दट्ट्या आणि स्प्रिंग खिशात टाकली, रिकामं डबडं परत बसवलं. इंजिन दुसऱ्या फेऱ्याला धडधडलं. वीज जाऊन बेचाळीस मिनिटं झाली होती. मिस्त्री हात न धुता गेला, कारण ते मळलेच नव्हते.

चारला वीज आली आणि माझे ग्रह फिरले. दट्ट्या काढला की इंजिन किल्लीने बंद होत नाही, हे मी साहेबांना सांगितलं होतं, पण तोंडाचं ऐकल्यापासून त्यांनी कानही बंद ठेवले होते. त्यांनी किल्ली बंद केली, इंजिन चालू. किल्ली खिशात घातली, चालू. किल्ली घेऊन ऑफिसात जाऊन बसले, तरी चालू. हाताने बंद करायचा दांडा गंजून तुटलाय (तीन अर्ज दिलेत, तिन्ही त्यांच्या टेबलाच्या काचेखाली आहेत). मग हवेची वाट अडवणं एवढंच उरलं. एअर फिल्टर काढला, भिंतीवरची हाताला लागली ती लाकडी पाटी उचलली आणि तोंडावर दाबली. इंजिन दोन आचके देऊन थांबलं. पाटी मधोमध चिरली. तिच्यावर साहेबांनी हौसेने लिहून घेतलं होतं: परवानगीशिवाय कशालाही हात लावू नये.

आता साहेबांचा हुकूम असा, की "तोंड बंद ठेवा"बद्दल आणि पाटीबद्दल पंधरा तारखेपर्यंत लेखी माफी द्या, नाहीतर इंजिनावरून काढून अंडी निवडायच्या टेबलावर बसवू. नऊ हजार पिल्लं चिवचिवत बाहेर पडली आणि माफी मी मागू? सात वर्षं त्या खोलीत काढलीत मी. त्या इंजिनाचा खोकला मला भिंतीपलीकडून कळतो. ते सोडून टेबलावर बसायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं होईल, तुमच्याशी खोटं कशाला बोलू. पण माफी नाही. आई म्हणते, दोन ओळी खरडून दे, काय झिजतेस का? तिला म्हटलं, सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही. मला तुमच्याकडून काही नकोय. खरं काय ते तुम्हाला ठाऊक असावं, एवढंच.

तुमची (तुमच्यावरच गेलेली) भाची

ता. क. पत्र पाकिटात घालायचं राहून गेलं, ते बरंच झालं. काल नवं सोलेनॉइड बसवलं. तेही टक करेना. जुनं घरी आणून, दट्ट्या घालून, सहज बॅटरीला लावलं, त्याची काळी वायर थेट निगेटिव्हला. टक. अकरा वेळा लावलं, अकरा वेळा टक. मग डोक्यात प्रकाश पडला. ती काळी वायर, म्हणजे वीज परत जायची वाट, इंजिनाच्या अंगावर बोल्टने बसते, आणि रंगवताना मी वायर सोडवून त्या जागेवरही हिरव्या रंगाचे दोन हात मारले होते. रंगातून वीज कुठली जायला? रंग ओला म्हणून इंजिन चालवून बघायची त्या आठवड्याची चाचणीही मीच चुकवली. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली, मामा, आणि चोर मी. आज सकाळी जाऊन खरवडलं. टक आली.

ता. क. दुसरा. तेव्हा आता एक काम आहेच. रंग खरवडल्याशिवाय वायर बसवू नये, हे तुम्ही मला कधीही शिकवलं नाही, असा दाखला सहीनिशी पाठवा. पंधराच्या आत. तुम्ही निवृत्त माणूस, तुम्हाला कोण टेबलावर बसवणार?

ता. क. तिसरा. दाखला नको. माझी शिकाऊपणीची वही सापडली. तिसऱ्या पानावर, माझ्याच अक्षरात: "मामा म्हणाले, आधी रंग खरवडणे, मग वायर." खाली दोन रेघा. म्हणून उद्या माफीपत्र देतेय. रंग मी लावला, चाचणी मी चुकवली, पाटी मी मोडली (नवी रंगवून देईन, हिरवा उरलाय). "तोंड बंद ठेवा"बद्दल त्यात एक अक्षर नाही. टेबलावर बसवलं तर बसेन. पण पुन्हा वीज गेली आणि ती टक ऐकायची वेळ आली, तर टेबलावरून ओरडून तेच सांगेन.