हिरड्यांचं औषध

३ मार्च
दारू सोडून दोन महिने. बायको माहेरीच आहे, पण फोन उचलते. हिरड्या सुजल्या म्हणून डेंटिस्टने औषधी माउथवॉश दिला. चूळ भरा, थुंका, गिळू नका, असं दोनदा बजावलं. मी काय कुक्कुलं बाळ आहे? बाटलीवर बारीक अक्षरात अल्कोहोल लिहिलंय. औषधातलं वेगळं असतं.

७ मार्च
आराम आहे. दोनदाऐवजी चारदा केलं तर दुप्पट लवकर बरं वाटेल. गालाच्या आतून औषध शरीरात शोषलं जातं, मोबाइलवर वाचलं. म्हणून चूळ जास्त वेळ तोंडात धरतो.

१२ मार्च
थोडं घशाखाली गेलं. चुकून. पोटातही जंतू असतातच.

१५ मार्च
पुन्हा बाटली मागितली तर केमिस्टने विचारलं, घरात माणसं किती? सहा म्हणालो. सासरची धरली तर होतात. यापुढे दुसरा केमिस्ट.

१९ मार्च
बायको रविवारी मुलीला घेऊन येणार. आवाज जड का, फोनवर म्हणाली. हिरड्या, म्हटलं. उद्यापासून फक्त दोनदा. नक्की.

२० मार्च, सकाळ
हात थरथरतायत. अशा हातांनी क्रेन कशी चालवणार? अर्धी बाटली घेतली. केवळ कामासाठी.

२० मार्च, दुपार
गेटवर सुपरवायझरने मशीनमध्ये फुंकायला लावलं. लाल दिवा. मी शांतपणे माउथवॉशचं सांगितलं. तो म्हणाला, काका, नुसत्या चुळीचं असेल तर पाव तासात उतरेल, बसा. पाणी दिलं. मी निर्धास्त बसलो. पुन्हा फुंकलं. आकडा वाढला होता. मशीन बिघडलंय म्हणालो. त्याने स्वतः फुंकून दाखवलं. शून्य. मग हळूच म्हणाला, तुमच्या क्रेनखाली माणसं असतात, काका. पास काढून घेतला.

२२ मार्च, रविवार
दोघी आल्या. मुलगी गळ्यात पडली, म्हणाली, बाबांना पुदिन्याचा वास येतो. बायकोने खांद्यावरची पर्ससुद्धा काढली नाही. गिळतोस ना, विचारलं. हो म्हणालो. ती म्हणाली, उद्या नऊला येते, हॉस्पिटलला जाऊ. मी म्हटलं, उद्या ड्युटी आहे. सवयीने निघून गेलं तोंडातून.
सुपरवायझरचा फोन परवाच आला होता, म्हणाली.
म्हणजे सगळं माहीत असून आली होती.
उद्या नऊ. दाराची चावी तिच्याकडे दिली आहे. मी दार उघडेन याचा भरवसा मला नाही.