खिशात नसलेली खात्री

सर, तुमचा गुंडाळी फळा आज सकाळी माझ्याकडे परत आला. तोच, काळ्या कापडाचा, दोन्ही टोकांना काठ्या असलेला. मी डी.एड. होऊन साताऱ्याहून निघाले तेव्हा तुम्ही तो काखेतून काढून माझ्या हातात दिला होता आणि म्हणाला होतात, "पेढे-बिढे आणायला जमलं नाही, हाच घे." तो मी माझ्या एका विद्यार्थिनीला वापरायला दिला होता. तिच्या वडिलांनी तो लोकरीच्या दोरीनं नीट बांधून आणून दिला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी असं काही घडलं की आधी तुमची आठवण येते आणि मग तुमचा रागही येतो. आज राग जास्त आहे.

मी आता तासगावला अध्यापक विद्यालयात असते, म्हणजे तुमचंच काम करते. तुमच्या वेळी प्रवेश मिळाला की घरात गूळ वाटायचे, कारण डी.एड. झालं की नोकरी ठरलेली असं सगळे धरून चालायचे. आता मागची बाकं रिकामी असतात आणि पुढच्या बाकांवरची पोरंही खिडकीतून रस्त्याकडे बघत असतात. सराव पाठ मात्र तसेच चालू आहेत. दरवर्षी त्याच शाळेत, त्याच वर्गात, तेच अपूर्णांक. त्या शाळेतली पोरं आता इतकी तयार झाली आहेत की आपल्या विद्यार्थ्यानं पिशवीत हात घातला की पहिल्या बाकावरचा ओरडतो, "बाई, आता तुमी कागदाची भाकरी काढणार!" आमच्यातल्या हुशार मुली आदल्या दिवशी जाऊन कोण कुठलं उत्तर देणार तेही ठरवून येतात. पाठ कसा लोण्यासारखा होतो.

माझा पहिला पाठ असाच झाला होता. डोळे मिटले की आजही मी त्या वर्गात उभी असते. तुम्ही मागे, मुलांच्या बाकावर, गुडघे वर आलेले, चष्मा कपाळावर. प्रश्न संपायच्या आत हात वर येतायत आणि मी मनातून फुगतेय. पाठ संपल्यावर तुम्ही सगळ्यांसमोर म्हणता, "पाठ झकास झाला. पोरांना सगळं आधीच येत होतं. मग तू कशाला आली होतीस?" मैत्रिणी हसतात. मी हौदाजवळ जाऊन पोटभर रडून घेते. तेव्हापासून कुणाचाही पाठ बघताना माझ्या कानात तेवढा एकच प्रश्न वाजतो.

जिला फळा दिला होता ती मुलगी माण तालुक्यातली, मेंढपाळाच्या घरची. वसतिगृहात राहायची. तिचा पाठ बघायला मी मागे जाऊन बसले. पहिल्या बाकानं सवयीनं भाकरीची घोषणा केली. तिनं पिशवीतला हात बाहेर काढला, भाकरी काढलीच नाही. म्हणाली, "बरं, तुम्हाला येतंय ना? मग मला सांगा. भाकरी दोन हायत आणि खाणारी माणसं तीन. कसं करायचं?" मग एक जण म्हणाला, "एकानं उपाशी ऱ्हायाचं." दुसरी म्हणाली, "व्हय, म्हंजी आईनं." मग जे भांडण पेटलं! पोरं बाकं सोडून तुमच्या त्या फळ्यापाशी गेली, गोल काढले, पुसले, पुन्हा काढले. घंटा झाली तरी हटेनात. प्रस्तावना, हेतुकथन, सगळ्या पायऱ्या राहून गेल्या. बाकीचे विद्यार्थी माझ्याकडे बघत होते, आता हिची कशी खरडपट्टी निघते म्हणून. मी म्हटलं, "हा पाठ झाला." सर, इतक्या वर्षांत मी असं पहिल्यांदा म्हटलं.

यंदा तिच्या घरच्यांची मेंढरं आमच्या कॉलेजमागच्या ऊस तुटून गेलेल्या रानात लेंडीखतासाठी बसली होती. गेल्या महिन्यात तिचे वडील काठी दाराबाहेर टेकवून माझ्यासमोर येऊन उभे राहिले. खुर्ची दिली तरी बसेनात. "आवं मॅडम, मला यातलं काय कळत न्हाई. पावण्यांनी लग्नासाठी आडवून धरलंय. त्यांचा पोरगा मुंबईला असतो. पोरगी म्हणती, थांबा. पास झाल्यावर शाळा मिळंल का, तेवढं सांगा. तुमी व्हय म्हणला तर मी थांबतो. मग लोकं काय बी म्हणूद्यात."

आणि मी काय म्हणाले? "पास तर होईलच. पण पुढे पात्रता परीक्षा असते. मग भरती निघावी लागते. ती कधी निघेल, कुणालाच सांगता येत नाही." एका दमात, सूचना वाचून दाखवावी तसं. "म्हंजी न्हाईच म्हणायचं की," ते म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. उलट जाताना हात जोडून म्हणाले, "बरं झालं, खरं बोलला."

माझे वडील आमच्या घरी तुमच्यासमोर असेच उभे होते, आठवतं? फौजेतून आलेला माणूस, मिशी ताठ. "सर, नोकरीची खात्री काय? तेवढं बोला, न्हाईतर पोरीचं यंदा उरकून टाकतो." तुम्ही चहाचा कप खाली ठेवून म्हणालात, "खात्री मी देतो." बस्स, तेवढ्यावर माझं लग्न पुढं गेलं आणि पुढं नोकरीही लागली. मला कायम वाटायचं, तुम्हाला आतली काही माहिती असणार. तुमच्या तेराव्याला काकूंनी सांगितलं. त्या वर्षी नेमणुका थांबल्या होत्या आणि तुम्हाला ते माहीत होतं. आमच्याकडून घरी गेलात आणि ताटावर तसेच बसून राहिलात. काकूंना म्हणालात, "आज खिशात नसलेली वस्तू देऊन आलो."

आज तिचे वडील पायरीवरूनच बोलले. "ह्यो तुमचा फळा. पोरीनं पुसून दिलाय." मी विचारलं, "उद्या वार्षिक पाठ आहे, येणार ना ती?" पाठ दिला नाही तर ती पास होणार नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. ते म्हणाले, "न्हाई जी. सुपारी फुटलीया. दुपारी मेंढरं फुडं हालत्यात." ते गेल्यावर मी तिला फोन लावला. म्हटलं, "अगं, पाठ तेवढा देऊन जा, उद्या असाल तिथं मी गाडी पाठवते." मागे मेंढरांचा कालवा चालला होता. ती म्हणाली, "मॅडम, वडलांनी तुमाला इचारलं व्हतं की." आवाजात तक्रार नव्हती. मग तिनंच "ठेवू का?" विचारलं आणि ठेवला.

फळा उघडून बघितला. ओल्या फडक्यानं पुसलाय, खडूचा एक डागही नाही. माझ्याकडे असताना तो इतका काळा कधीच नव्हता. दुपारी मागच्या रानात जाऊन आले. नुसत्या लेंड्या आणि चुलीचे तीन दगड.

हे पत्र पाठवायचं म्हटलं तरी कुठे? काकू गेल्यापासून साताऱ्याच्या घराला कुलूप आहे. लिहून झालं की फळ्यातच गुंडाळून ठेवीन. मघापासून तुमच्यावर चिडून लिहितेय, की तुम्ही तर थाप मारलीत आणि नशिबानं ती खरी झाली, मी निदान खरं बोलले. पण सर, ते खरं मी तिच्यासाठी बोलले नव्हते. उद्या नोकरी नाही लागली तर हा माणूस काठी घेऊन पुन्हा माझ्या दाराशी उभा राहील, एवढीच भीती होती मला. तुम्हालाही ती भीती वाटली असणार, म्हणून तर तुम्ही जेवला नाहीत. मी त्या दिवशी घरी येऊन पोटभर जेवले.