पंधरा दिवसांत डिजिटल मदरसा

४ नोव्हेंबर, सोमवार
मास्टर ट्रेनर झाल्याचं पत्र हातात. शिरूर कासारचा मदरसा, शिक्षक पाच, मुदत पंधरा दिवस. दहात उरकतो. माझं स्वतःचं ट्रेनिंग तीन दिवसांचं. त्यातला दीड दिवस दाढ दुखत होती, पण मुद्दा समजला. बायको प्रणिता म्हणाली, आधी घरचा प्रिंटर चालू करा. प्रिंटर वेगळा विषय.

६ नोव्हेंबर
मौलाना मुबश्शिर यांनी चहा पाजला. 'डिजिटल क्रांती'वर दोन तास बोललो. सगळे एकाग्र. कुराण तोंडपाठ असलेल्या एका हाफिजसाहेबांनी तर डोळेच मिटले.

७ नोव्हेंबर, ११.४०
स्मार्टबोर्ड चालू होईना. व्होल्टेज. मुलींना शिकवणाऱ्या रिफअतआपा म्हणाल्या, "सर, ही वायर कावून काढून ठेवली?" त्यांनी लावली. बोर्ड चालू. म्हटलं, तुमची निरीक्षणशक्ती तपासत होतो.
उद्यापासून पहाटे उठून अभ्यास.

८ नोव्हेंबर
उठलो नाही.

११ नोव्हेंबर
चाळीसपैकी नऊच मुलं. अहवालात लिहिलं : तंत्रज्ञानाची भीती. मौलाना म्हणाले, "भीती न्हाई सर, लेकरं आईबापासंगं उसतोडीला गेलीत." खोडलं. सुचवलं, मग फोनवर शिकवा. "बरं" म्हणत त्यांनी मोबाइल दाखवला. कारखान्यांवरून मुलं रोज धडा रेकॉर्ड करून पाठवतात. मौलाना आणि आपा ऐकून चुका सांगतात. कुराण, मराठी, गणित.
माझ्या सूचनेचा परिणाम तत्काळ! (रेकॉर्डिंग तीन वर्षांपासूनची. तो तपशील.)

१४ नोव्हेंबर
शिक्षण खात्याच्या साहेबांची व्हिजिट. विचारलं, फोनची कल्पना कुणाची? मौलाना माझ्याकडे बघून म्हणाले, "सरांनी लई मेहनत घेतली." मी 'माझी नाही' म्हणणारच होतो. चहाचा कप तोंडाला लावला. आपा खाली बघत राहिल्या. दिवसभर चैन नाही. तीनदा बाहेर जाऊन आलो.

१५ नोव्हेंबर
साहेबांना फोन करून खरं सांगितलं. ते म्हणाले, माहीत होतं, काल तुम्ही बोर्डाचा रिमोट उलटा धरला होता.

१८ नोव्हेंबर
नवं पत्र. मास्टर ट्रेनर रिफअतआपा. प्रशिक्षणार्थींत मी पाचवा. वय बघता पहिला हवा होतो.
आपांनी मला एक विद्यार्थिनी सोपवली. शगुफ्ता, वय नऊ, सध्या उसाच्या फडात. पाढे ऐकून चुका सांगायच्या. सोपं काम.

१९ नोव्हेंबर, सकाळी ९
शगुफ्ताचा आवाज आला. मागे कोयते चाललेत. पोरगी एका दमात सतराचा पाढा म्हणते आणि शेवटी विचारते, "सर, बरोबर हाय का?"
चार वेळा ऐकलं.
मला सतराचा पाढा येत नाही.