फोटोसाठी ठेवलेला बॅनर

गुरुवार, १२ फेब्रुवारी. सरावली

अहवाल आज पाठवायचा होता. पाठवला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

आमची संस्था चार देशांत डॉक्टरांच्या शिक्षणाला मदत करते. संस्थेच्या मदतीनं शिकणारे काही डॉक्टर मनोरजवळच्या उपकेंद्रात दोन आठवडे बसले आणि शनिवारी परत गेले. उपकेंद्राच्या दारावरचा त्यांचा बॅनर तसाच राहिला. अहवालासाठी फोटो हवा होता, म्हणून मीच म्हटलं, उतरवू नका. पाड्यांवरच्या बायका तारखा बघत नाहीत. बॅनर दिसला की डॉक्टर आलेत असं धरून चालतात. हे मला ठाऊक नव्हतं का? गेल्या अहवालात मीच लिहिलंय, कौतुकानं.

दुपारी फोटोला गेले, तर कुलूप लावलेल्या दारापाशी पाड्यावरची जानकी सासूबरोबर बसलेली. आठवा महिना. पाय इतके सुजलेले की चपला हातात.

"ताय, डागतर जेवाय गेला का? सकालपासून बसलोय आमी."

"डॉक्टर शनिवारीच गेले, मावशी."

"मंग बॅनर कनाला ठेवलाय?"

जानकी हळूच म्हणाली, "डोका जाम दुखतंय, ताय. नीट दिसत नाय."

गाडीत घालून पालघरला नेलं. रस्ताभर तिनं त्या चपला सोडल्या नाहीत. दवाखान्यातली डॉक्टर म्हणाली, "बाळाचे ठोके लागत नाहीत. सकाळी आणायला हवं होतं."

सकाळी ती आलीच होती, बॅनर बघून.

निघताना सासूनं माझे हात धरले. "तू व्हतीस म्हनून, ताय. नाय तर गाडी कोन देतंय?"