बटणांचा फोन

४ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तू बजावलंस म्हणून पत्र घरी न पाठवता तुझ्या लाँड्रीच्या पत्त्यावर पाठवतोय. कारण तूच जाणे!

एकतीस तारखेला आमच्या फोन कंपनीचं जुनं नेटवर्क कायमचं बंद होतंय. काउंटरवर नुसती झुंबड. कुणी म्हणतं जुना फोन आठवडाभर चालतो, कुणाला काचेवर टाइप करता येत नाही. एका आजोबांनी तर सिमकार्ड माझ्या अंगावर फेकलं. पण सगळ्यात हट्टी गिऱ्हाईक माझी सख्खी बहीण. मी पाठवलेला नवा फोन परत का केलास? तो बटणांचा डबा कवटाळून बसणार का?

बरं, परवा भाऊजी आले होते. तुझ्यासाठी फोन घेऊन गेले. तू कुठे आहेस ते त्यांच्या फोनवर दिसेल, अशी सोय मीच करून दिली. किती काळजी करतात गं!

माया आहे तशी राहू दे.
तुझा धाकटा

९ मार्च

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

तुझ्या त्या सोयीपायी मला मार बसला. शनिवारी सुटल्यावर डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. घरी पोचले तर ह्यांनी फोन नाकासमोर धरला, कुठे थांबली होतीस म्हणून विचारलं आणि मी उत्तर देण्याआधीच पोटात लाथ घातली. मग केस धरून डोकं बेसिनवर आपटलं. मागच्या वेळी बरगडीही जिन्यावरून पडून मोडली नव्हती रे.

माझा जुना फोन ह्यांना ठाऊकच नाही. तो एप्रनच्या खिशात असतो. बटणं बोटांना कळतात, न बघता तुला लावता येतो. काचेवर बोटांना काय कळणार?

रागाच्या भरात इकडे येऊ नकोस. तू परत जाशील, मागे मीच उरेन. तुझ्यावर रुसले नाही.

ताई

१२ मार्च

ती. ताईस, सा. न.

पत्र दोनदा वाचलं. ह्याच हातांनी त्याला तुझा पत्ता दिला. आता भाऊजी म्हणायला जीभ रेटत नाही.

साहेबांना म्हटलं, तिथला एक टॉवर तरी चालू ठेवा. ते हसले. तुझा डबा आता मरणारच, ताई. त्याआधी निघ. सोमवारी दहाला लाँड्रीच्या मागच्या दाराशी गाडी आणतो. त्याने दिलेला फोन इस्त्रीच्या टेबलावरच ठेव, त्याला वाटेल कामावर आहेस. तुला आत्याकडे सोडतो.

नाही म्हणू नकोस.
धाकटा

२० मार्च

ती. ताईस, सा. न.

आत्याकडे झोप लागते ना? बुधवारी तो दुकानात आला. तुला शोधून दे म्हणाला. मी नाही म्हटल्यावर त्याने लोखंडी स्टूल उचलून तोंडावर घातलं. पडलो तरी घालत राहिला, तुलाही असंच ठेचीन म्हणत होता. शेवटी रांगेतल्या लोकांनी त्याला खाली दाबून धरलं आणि पोलिसांच्या हवाली केलं.

चार दात गेले. जबडा तारेने बांधलाय, दीड महिना बोलता यायचं नाही. पोलीस म्हणतात, बहिणीचा जबाब हवा. माझं मी लिहून दिलंय. तुझं तुलाच बोलावं लागेल.

जपून राहा.
धाकटा

२७ मार्च

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

ठाण्याच्या पायरीवरून दोनदा परत फिरले. आत्या तिथेच उभी राहिली. मग आत गेले. आधी मी पडले, मला लागलं, असंच तोंडातून येत होतं. हवालदारीणबाईंनी लिहिणं थांबवून विचारलं, की पाडलं कुणी?

त्याने, म्हटलं. मग अकरा वर्षांचं सगळं सांगितलं. त्यांना दोनदा कागद आणायला उठावं लागलं.

तुझी ताई