पहिली चप्पल, शेवटचा पट्टा

३ मार्च
दूध तापत होतं, मी कपड्यांच्या घड्या घालत होते आणि हे खिडकीजवळच्या खुर्चीत बसून ‘पुढचं?’ म्हणत होते. आमचा कुत्रा हवालदार एकेक वस्तू आणून देत होता – चपला, चष्म्याचं घर, टोपी, शेवटी पट्टा. क्रम कधी चुकला नाही. पट्टा आला की बिस्कीट, मग दोघं फिरायला. अगदी साधी सकाळ. आज आठवली, कारण हे गेल्यावर राहिलेल्या यांच्या चपला मागच्या आठवड्यात मी देऊन टाकल्या – आणि आज खुर्चीपुढे शेजारच्या शिंप्याची चप्पल!

५ मार्च
आज वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंचा बूट. बाकी तिन्ही वस्तू घरच्याच. सगळं मांडतो, रिकाम्या खुर्चीकडे बघतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. म्हणजे आणखी कुणाची तरी चप्पल.

६ मार्च
शिंपी म्हणाला, “बाई, नेतोय तर निदान जोडी तरी ने म्हणावं. एका चपलेत मी जाऊ कुठे?” मला हसू आवरेना. दिरांना आलं नाही. “वहिनी, तक्रारी वाढल्यात. रविवारी मी याला माझ्याकडे नेतो.” आत जाऊन भांडी घासली. घासलेलीच होती.

७ मार्च
वाचनालयातून जनावरांच्या स्मरणशक्तीवरचं पुस्तक आणलं. माकडांना चित्रांना ठरावीक क्रमाने हात लावायला शिकवतात. एक यादी मोडून दुसरी केली, तरी कुठलं चित्र कितव्या जागेवर होतं ते त्यांना आठवतं. मी वाण्याकडे जाते तेव्हा यादीतलं मधलं मीठ दर वेळी राहतं! माकडं बरी.
यांच्या चपलांच्या जागी माझ्या ठेवल्या.

८ मार्च
माझ्या चपला आणल्या! चष्म्याचं घर, टोपी, पट्टा – सगळं बरोबर. बिस्कीट पुढे केलं तर तोंड फिरवलं, खुर्चीकडे बघितलं आणि निघाला थेट शिंप्याकडे.
दुपारी पुढचं पान वाचलं. माकडाला शेंगदाणा शेवटच्या चित्राला हात लावल्यावरच मिळतो. मग लक्षात आलं. याची यादी पट्ट्यावर संपतच नव्हती. पट्टा कुणीतरी हातात घ्यायचा असतो, त्या खुर्चीतून.
त्या खुर्चीत कुणी बसत नाही. केर काढतानाही मी तिला वळसा घालते.
दीर उद्या येणार.

९ मार्च, रविवार
सकाळी मी त्या खुर्चीत बसले आणि म्हटलं, “पुढचं?”
यांची टोपी मला कानांवर येते. दीर आले तेव्हा आम्ही फिरायला गेलो होतो.